पाटीवरची शेवटची ओळ

आमच्या फर्मच्या दारातून आत आलं की समोर एक भली मोठी लाकडी पाटी दिसते. काळा रंग आणि त्यावर सोनेरी अक्षरांत पार्टनर मंडळींची नावं, एकाखाली एक. अशिलांसाठीचे सोफे बरोबर तिच्यासमोर ठेवलेत. आपलं काम किती थोर माणसांच्या हाती आहे, हे वाट बघता बघता त्यांच्या मनावर ठसावं हा हेतू. प्रत्यक्षात काम ज्यांच्या हाती असतं, त्यांची नावं पाटीवर नसतात. ती वरच्या मजल्यांवर, दाराशेजारच्या पत्र्याच्या खाचेत सरकवलेल्या कागदी पट्ट्यांवर असतात. पट्टी सरकवायला अर्धं मिनिट लागतं आणि काढायला त्याहून कमी.

मी या फर्मच्या रेकॉर्ड रूममध्ये सव्वीस वर्षं आहे. मी वकील नाही. वकिलांनी लिहिलेल्या कागदांना भोकं पाडून ते दोऱ्याने बांधणारा माणूस आहे. त्यामुळे सगळ्यांचं सगळं माझ्या वाचनात येतं आणि माझं मत कुणी विचारत नाही. अशी सुखाची नोकरी शोधून सापडायची नाही, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत असे.

दरवर्षी चाळीस असोसिएट, म्हणजे कनिष्ठ वकील, नवेकोरे बूट घालून येतात. पहिल्या दिवशी त्यांना सभागृहात बसवून सांगतात, की तुम्हीच या फर्मचं भविष्य आहात. दुसऱ्या दिवशी त्या भविष्याला तळघरात माझ्याकडे पाठवतात आणि अकरा हजार कागदांवर पानांचे आकडे बरोबर पडलेत का, ते बघायला बसवतात. तिसऱ्या वर्षी खुर्चीला हात येतात. पाचव्या वर्षी खोलीला दार येतं. सातव्या वर्षी खिडकी मिळते, तीही बहुधा निम्मी, कारण उरलेली निम्मी मधल्या भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याची असते. फर्मच्या माहितीपुस्तिकेत याला ‘प्रगतीचा मार्ग’ म्हटलंय. नवव्या वर्षापर्यंत चाळिसांतले दोन उरतात. बाकीच्या अडतिसांबद्दल पुस्तिका काही बोलत नाही.

पार्टनर होण्यासाठी तीन संधी मिळतात. तिसऱ्यांदाही निवड झाली नाही, तर कुणी ‘चालते व्हा’ म्हणत नाही. फर्म फार सुसंस्कृत आहे. फक्त तुम्हाला बैठकांना बोलवायचं हळूहळू राहून जातं, दारावरची पट्टी पिवळी पडली तरी कुणी बदलत नाही, आणि मग एक दिवस माणूस आपणहून समजून घेतो.

आता या असोसिएटांतल्या तळटीपबद्दल. हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण सहाव्या मजल्यापासून कॅन्टीनपर्यंत सगळे तिला याच नावाने ओळखत. “लिफ्ट वर चाललीय का?” असं विचारलं तर ती म्हणायची, “माझ्या माहितीप्रमाणे.” कॅन्टीनवाल्या मावशींनी “चहा बरा झालाय ना?” असं विचारलं, तर म्हणायची, “आतापर्यंत घेतलेल्या घोटांपुरता, हो.” माझ्या वाढदिवसाला तिने शुभेच्छा दिल्या आणि लगेच पुढे जोडलं, “म्हणजे ऑफिसच्या यादीतली तारीख बरोबर आहे असं धरून हं, काका.”

हा तिचा स्वभाव नव्हता. तो आम्ही तिला लावला. पहिल्या वर्षी तिने एका अभिप्रायात लिहिलं होतं, ‘कारखान्याकडे सर्व परवाने आहेत.’ त्यातला एक दोन दिवसांपूर्वी संपला होता. अशिलाचं त्यात काडीचंही नुकसान झालं नाही, पण विभागप्रमुखांनी अख्ख्या विभागासमोर तिला उभं करून ते वाक्य तीनदा मोठ्याने वाचायला लावलं. “आपण ‘आहेत’ म्हणत नाही,” ते म्हणाले. “आपण ‘असल्याचे दिसते’ म्हणतो.” पोरीने कानाला खडा लावला. त्या दिवसानंतर तिच्या तोंडून एकही वाक्य मोकळं बाहेर पडलं नाही.

हे विभागप्रमुख म्हणजे आमचे सहीसाहेब. तो परवान्याचा अभिप्रायही त्यांच्याच सहीने गेला होता, फक्त त्यांनी तो वाचला नव्हता. ते काहीच वाचत नाहीत. कागद पुढे आला की सही करतात, मग टेबलावर असो, गाडीच्या टपावर असो की लिफ्टच्या भिंतीवर. “वाचूनच सही करायची, तर एवढी माणसं कशाला ठेवलीत?” असं ते विचारतात. नऊ वर्षं त्यांची पत्रं, अभिप्राय, भाषणं, शोकसंदेश, सगळं तळटीपच लिहीत आली. लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर साहेबांनी पत्नीसाठी जे भाषण केलं, तेही हिचंच. बाई ढसाढसा रडल्या म्हणे. नवऱ्याच्या मनात इतकं काही असेल याची त्यांना कल्पनाच नव्हती. तशी ती साहेबांनाही नव्हती.

आणखी एक गोष्ट फर्ममध्ये फक्त मला माहीत होती. दारासमोरची ती पाटी रंगवणारे पेंटर हे तळटीपचे वडील. तिने ते लपवलं नव्हतं, कुणी विचारलंच नव्हतं. एकतीस वर्षं दरवर्षी निवडी झाल्या की पेंटर ब्रशांचा पत्र्याचा डबा घेऊन येतात, स्टुलावर चढतात आणि एक नाव लिहून जातात. शाळेला सुट्टी असली की ही समोरच्या सोफ्यावर पाय हलवत बसायची. एकदा तिने विचारलं होतं, “बाबा, इथे नाव यायला काय करावं लागतं?” पेंटर म्हणाले, “फार मोठं काम करावं लागत असणार.” त्यांचा हा गैरसमज कुणी दूर केला नाही आणि त्यावर भिस्त ठेवून पोरगी वकील झाली.

यंदा तिची तिसरी संधी होती. पेंटरांचीही शेवटचीच म्हणायची. त्यांचा हात थरथरू लागला होता, बाकीची सगळी कामं त्यांनी सोडली होती, ही एक पाटी तेवढी ठेवली होती. आणि पाटी भरत आली होती. गेली चार वर्षं ते अक्षरं किंचित बसकी काढत होते, ओळींमधलं अंतर केसाकेसाने चोरत होते. मी हटकलं तेव्हा म्हणाले, “तळाला एक ओळ राखतोय. एवढी एक लिहिली की ब्रश धुऊन ठेवला.” पुढच्या वर्षी तिथे काचेचा पडदा येणार होता, त्यावर नावं आपोआप सरकणार होती. म्हणजे लाकडावर, पेंटरांच्या हाताने, तिचं नाव लागायचं तर ते याच वर्षी. नाहीतर कधीच नाही.

जागा एक आणि उमेदवार दोन. दुसरा होता नक्की. त्यालाही नाव आहे, पण त्याच्या तोंडात सदा ‘नक्की’ हाच शब्द. अशिलाने विचारावं, “सोमवारपर्यंत होईल?” नक्की. “आपणच जिंकू ना?” नक्की. फाईल उघडायच्या आधीच नक्की. मग ती फाईल तळटीपच्या टेबलावर यायची आणि सोमवारपर्यंत व्हायची. मुलगा वाईट नव्हता. त्याला आपल्या बोलण्यावर खरोखर विश्वास होता, कारण ते दर वेळी खरं होत असे. ते खरं कोण करतं, हे शोधण्याइतकी सवड त्याला कधी झाली नाही.

फर्मचा रिवाज असा, की विभागप्रमुखाने प्रत्येक उमेदवारासाठी शिफारसपत्र द्यायचं. सहीसाहेबांनी तळटीपला बोलावलं. मी फायली ठेवायला तिथेच होतो.

“दोघांचीही पत्रं तूच लिही,” साहेब म्हणाले. “माझी भाषा तुला ठाऊक आहे.”

“सर, पण त्यातली एक उमेदवार मी आहे.”

“मग तर उत्तमच! माहिती गोळा करायला नको.” साहेब उठून कोट चढवू लागले. “आणि तू लिहिलंस असं कुठे येऊ देऊ नकोस. बरं दिसत नाही.”

नक्कीचं पत्र तिने तासाभरात हातावेगळं केलं. उद्या कुणी म्हणायला नको, की स्पर्धकाचं मुद्दाम कमी लिहिलं. म्हणून जिथे जिथे शंका आली, तिथे तिने त्याला झुकतं माप दिलं. ‘फर्मचा आधारस्तंभ’, ‘अशिलांचा अढळ विश्वास’, ‘अशा माणसाला पार्टनर करणे हा फर्मचाच गौरव’. ते वाचून मलासुद्धा वाटलं, की आपण आजवर या मुलाला ओळखलंच नाही.

स्वतःचं पत्र लिहायला तिला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी दुपारी ती दोन्ही पत्रं पाकिटात घालायला माझ्याकडे घेऊन आली. मी सवयीने वाचलं. ‘उमेदवाराने तिच्यावर सोपवलेली कामे, उपलब्ध नोंदींनुसार, पूर्ण केल्याचे दिसते. तिच्या कामाच्या दर्जाबाबत प्रतिकूल असे काही निदर्शनास आलेले नाही, मात्र याची स्वतंत्र पडताळणी करण्यात आलेली नाही. समितीने केवळ या पत्रावर विसंबून न राहता स्वतःची खात्री करून घ्यावी.’ आणि खाली चार तळटिपा.

“मॅडम, जरा कोरडं नाही वाटत?” मी विचारलं.

“पुराव्यात बसतं तेवढं लिहिलंय, काका. स्वतःबद्दल एक शब्द जास्त लिहिला आणि उद्या कुणी त्यावर बोट ठेवलं तर?”

“आणि नक्कीचं? ते पुराव्यात बसतं?”

“त्यात चूक झाली, तर ती सद्भावनेने झाली असं म्हणता येईल.”

त्याच वेळी मी ते पत्र टराटरा फाडून तिच्या हातात कोरा कागद द्यायला हवा होता. तेवढा अधिकार माझ्या वयाला होता. पण वकिलांच्या मजकुरात नाक खुपसायचं नाही, हा माझा सव्वीस वर्षांचा बाणा. मी पाकिटाला गोंद लावायला घेतला, तेवढ्यात आठवलं, अजून सह्या व्हायच्या आहेत. मग आम्ही दोघांनी साहेबांना लिफ्टपाशी गाठलं. साहेबांनी चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या दरम्यान भिंतीला कागद टेकवून दोन्ही सह्या ठोकल्या.

समितीत सात पार्टनर, आणि शिफारस करणारे म्हणून सहीसाहेब. एखादी जुनी फाईल लागली तर असावी म्हणून मला कपाटाजवळ उभं केलं होतं. अध्यक्ष बाईंनी चष्मा लावून नक्कीचं पत्र वाचलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, दोन मिनिटांत विषय संपला. मग त्यांनी तळटीपचं पत्र घेतलं आणि त्या सात जणांचे कान टवकारले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदात लपवलेलं शोधून काढायचा ज्यांचा धंदा, त्यांच्या पुढ्यात आयतं ताट आलं.

“‘प्रतिकूल काही निदर्शनास आलेले नाही.’ म्हणजे शोधलं आणि सापडलं नाही, की शोधलंच नाही?”

“ते सोडा. हा ‘मात्र’ कशासाठी आहे?”

“नऊ वर्षं यांच्या हाताखाली आहे आणि हे आपल्याला म्हणतात, स्वतः खात्री करून घ्या. काहीतरी असल्याशिवाय कुणी असं लिहील का?”

चाळीस मिनिटं कीस काढला त्यांनी. शेवटी अध्यक्ष बाईंनी थेट सहीसाहेबांनाच विचारलं, की तुम्हाला नेमकं काय सुचवायचंय? साहेबांच्या चेहऱ्यावर क्षणभर प्रामाणिक कुतूहल दिसलं, कारण पत्रात काय आहे हे तेही पहिल्यांदाच ऐकत होते. पण ‘मी वाचलं नव्हतं’ असं सात जणांसमोर म्हणायचं म्हणजे नाक कापून घेण्यासारखंच. त्यांनी घसा खाकरला.

“जे लिहिलंय ते पूर्ण विचारांती लिहिलंय,” ते म्हणाले. “त्यापलीकडे मी काही बोलणं योग्य होणार नाही.”

झालं. एवढ्यावर तळटीपचं दार बंद झालं. एका पार्टनरने तर उठता उठता साहेबांचा खांदा थोपटला. “काय जपून लिहिलंय! एका मुलीचं नाव खराब न करता सगळं सांगितलंत. असं लिहिणारी माणसं आता राहिली नाहीत.” साहेबांनी विनयाने मान झुकवली.

आणि मी कपाटाला पाठ लावून उभा होतो. ‘अहो, हे तिनेच लिहिलंय,’ एवढंच म्हणायचं होतं. फार तर नोकरी गेली असती, तीही जेमतेम दोन वर्षं उरलेली. मी चकार शब्द काढला नाही. मला त्याची लाज वाटते, आणि ती कमी होत नाही.

निकाल कळल्यावर ती साहेबांकडे गेली. भांडायला नाही, फक्त विचारायला. साहेब खरोखरच दुखावले. “मी तुझा एकही शब्द बदलला नाही,” ते म्हणाले. हे मात्र खरं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी पेंटर आले. इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत, डब्यात नवा ब्रश. ऑफिस मॅनेजरने नावाची चिठ्ठी हातात ठेवली. पेंटरांनी ती वाचली. मग उलटी करून मागे बघितलं. मागे काहीच नव्हतं.

“एकच?” त्यांनी मला विचारलं.

“एकच,” मी म्हणालो.

त्यांनी खडूने रेघ मारली, स्टूल ओढलं आणि कामाला लागले. तळाची ओळ असल्यामुळे चढायला नको होतं, नुसतं बसूनच लिहायचं होतं. चार वर्षं केसाकेसाने राखलेल्या जागेत ते दुसऱ्याच्या मुलाचं नाव लिहीत होते, आणि थरथरता हात डाव्या हाताने धरून अक्षर तिळभरही हलू देत नव्हते. मध्येच नक्की खाली आला, फोटो काढला आणि म्हणाला, “वा, काका! अक्षर थोडं मोठं होईल का?”

“जागा नाही,” पेंटर म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत तळटीप खाली आली. सोफ्यावर बसली नाही, बापाशेजारी जमिनीवरच बसली. येणारेजाणारे असोसिएट वळून वळून बघू लागले.

“बाबा, चूक माझीच झाली,” ती म्हणाली. “माझं पत्र मीच लिहिलं होतं.”

“कुठाय? दाखव.”

तिने घडी घातलेली प्रत काढून दिली. पेंटरांनी हात फडक्याला पुसले, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि ओठ हलवत सगळं वाचलं, चारही तळटिपांसकट. मग कागद पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले.

“छान आहे गं,” ते शेवटी म्हणाले. “पण पोरी, ‘हिला घ्या’ असं कुठे लिहिलंय?”

नऊ वर्षांत तिच्या मसुद्यांवर शेकडो शेरे पडले होते, पण हा एवढा साधा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. मग ती रडली. तिथेच, अशिलांच्या सोफ्यांसमोर. पेंटरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्या केसांना थोडा सोनेरी रंग लागला. तो दिवसभर तसाच होता, कुणी तिला सांगितलं नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत तिने सहीसाहेबांपुढे कागद ठेवला. साहेबांनी सवयीने पेन टेकवलं आणि ते थबकले. कागदावर एकच ओळ होती. ‘मी फर्म सोडत आहे.’ तिने लिहिलेलं त्यांनी पूर्ण वाचलं, असं नऊ वर्षांत प्रथमच घडलं.

“बाकीचं कुठाय?” त्यांनी विचारलं.

“एवढंच आहे, सर.”

साहेब काळजीत पडले. “अगं, पण मग तुझ्या निरोपाचं भाषण कोण लिहिणार?”

ते कुणीच लिहिलं नाही. केक कापला, साहेबांनी “अं… तर…” म्हणून टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळ्यांनी त्यांना साथ दिली. दुसऱ्या दिवशी तिच्या दारावरची पट्टी काढायचं काम माझ्याकडे आलं. ती अजून माझ्या खणात आहे.

तीन-चार महिन्यांनी मी तिच्या नव्या ऑफिसात गेलो. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर दोन खोल्या, एका खोलीला अख्खी खिडकी. कागदांना भोकं पाडायचं माझं जुनं यंत्र मी तिला भेट म्हणून नेलं होतं. ब्रश धुऊन ठेवणार म्हणालेले पेंटर दारात स्टुलावर बसले होते. समोर काळी पाटी, हातभर लांबीची. तिचं नाव लिहून झालं होतं. अक्षरं चांगली उंच आणि ऐसपैस काढली होती.

“खाली काय लिहू?” त्यांनी आत वळून विचारलं.

ती दारात आली. तिने पाटीकडे बघितलं आणि तिच्या कपाळावर ती शब्द तोलतानाची ओळखीची आठी पडली. आता ‘उपलब्ध नोंदींनुसार’ येणार, अशी माझी खात्रीच झाली.

“‘चांगली वकील’ असं लिहा,” ती म्हणाली.

पाटीवर स्वतःला चांगलं म्हणवून घेणं वकिली शिष्टाचारात बसत नाही. हे मला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं. ते सांगायला मी तोंड उघडलं. पण पेंटरांनी काही न विचारता ब्रश बुडवला होता, आणि त्यांचा डावा हात मांडीवरच होता. मी तोंड मिटलं. अक्षरं थोडी हलली. त्यांनी ती तशीच ठेवली.